धोका नुसता आहे, की कुणाच्या मनात आहे?

पत्र: मी एका मराठी रहस्यकथेचं इंग्रजी भाषांतर करते आहे. मूळ लेखकाने भयाण, भेसूर, अभद्र, विखारी, जीवघेणं असे शब्द सढळ हाताने वापरले आहेत. माझ्याकडे इंग्रजीत डेंजरस, स्केरी आणि हॉरिबल, एवढीच पुंजी. पहिला खर्डा मैत्रिणीने वाचला आणि प्रत्येक 'डेंजरस'भोवती पेन्सिलने गोल काढला. पानंच्या पानं गोलांनी भरली. मग मी समानार्थी शब्दांचा कोश घेऊन बसले आणि सगळे बदलले. आता ती म्हणते, आधीचंच बरं होतं! तीन वाक्यं सोबत पाठवते आहे. मेनेसिंग, थ्रेटनिंग, ऑमिनस, सिनिस्टर यांत फरक काय? एखादी यादी मिळेल का? आणि कथेत एक पोरगा म्हणतो, 'डेंजर माणूस आहे तो.' त्याचं इंग्रजी काय करायचं?
– एक भाषांतरकार

उत्तर:

यादी देत नाही. यादीनेच तर घात केला आहे. तुमचं पहिलं वाक्य बघा. मूळ कथेत आहे: 'त्याने दार लावलं, कडी नीट बसली ना ते पाहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "बसा की. घाई कसली?"' तुमच्या पहिल्या खर्ड्यात तो 'डेंजरस' आवाजात बोलत होता. दुसऱ्या खर्ड्यात 'हॅझर्डस' आवाजात बोलतो. हॅझर्डस असतात रसायनं, कारखान्यातला कचरा, फार तर एखादं काम. माणसाचा आवाज हॅझर्डस म्हटला, की वाचणाऱ्याला वाटणार याच्या घशातून विषारी वायू निघतोय. मैत्रिणीला पेन्सिल परत करू नका, तिची अजून गरज आहे.

कोशात हे शब्द एकमेकांना खेटून बसलेले दिसतात म्हणून ते एकाच घरातले वाटतात. निदान एका कोशकाराला तसं वाटलं नव्हतं. पीटर मार्क रॉजे याने 1852 साली आपला प्रसिद्ध थिसॉरस काढला. त्यात शब्द अक्षरक्रमाने नव्हे, तर कल्पनांनुसार लावलेले होते. त्याने 'डेंजर' ठेवला 'सेफ्टी'च्या जोडीला, माणसाच्या इच्छा आणि कृती यांच्या वर्गात. 'थ्रेट' मात्र तिथे नाहीच. तो खूप पुढे, भावनांच्या वर्गात सापडतो आणि त्याचे शेजारी आहेत दुष्टावा आणि शाप. 'फिअर'ही भावनांच्याच वर्गात, पण पुन्हा वेगळ्या कप्प्यात. म्हणजे धोका असणं, कुणीतरी धाक घालणं आणि आपल्याला भीती वाटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे रॉजेने मांडणीतूनच सांगून टाकलं. आज आपण अक्षरक्रमाने लावलेल्या आवृत्तीत किंवा मोबाइलवर शब्द टाइप करून बघतो, तेव्हा नेमकी हीच मांडणी हरवते आणि हाती लागते ती शब्दांची मोळी.

तेव्हा शब्द निवडण्याआधी एकच विचारा: इथे कुणाची नियत वाईट आहे का? उतरणीवरचं वळण डेंजरस असतं, पण त्याच्या मनात तुमच्याबद्दल काही नसतं. त्याला मनच नसतं. 'मेनेस' म्हटलं की मागे मन आलं, किंवा निदान मन असल्याचा भास आला. आकाशातल्या ढगांना इंग्रजी लेखक मेनेसिंग म्हणतो, तेव्हा ढग जणू आपल्यावर डूख धरून आहेत असं त्याला सुचवायचं असतं. डेंजरला साक्षीदार लागत नाही. जमिनीखालचा सुरुंग कुणाला दिसला नाही तरी डेंजरस असतो. मेनेसला समोर कुणीतरी लागतं, ज्याला तो जाणवेल. रिकाम्या खोलीत कुणी मेनेसिंग होऊ शकत नाही.

गंमत म्हणजे 'डेंजर'च्या पोटातही एके काळी माणूस होता. हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याचं मूळ धनीपणा, सत्ता या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. मध्ययुगीन इंग्रजीत एखाद्याच्या 'डेंजर'मध्ये असणं म्हणजे त्याच्या मुठीत असणं. तो काहीही करू शकेल अशा अवस्थेत असणं. पुढे मालक गळाला आणि नुसता धोका उरला. तो गळालेला मालक वाक्यात परत हवा असेल, तर डेंजरस शब्द पुरत नाही. तुमचं पहिलं वाक्य तसलंच आहे.

आता थ्रेटनिंग आणि मेनेसिंग. धमकीत 'नाहीतर' असतं. पैसे दे, नाहीतर. गप्प बस, नाहीतर. ती बोलता येते, लिहिता येते, म्हणून 'थ्रेटनिंग लेटर' असतं. मेनेसला 'नाहीतर' उच्चारावं लागत नाही. कडी बसली ना ते पाहणाऱ्या तुमच्या पात्राने एकही धमकी दिलेली नाही. उलट बसायला सांगितलं आहे. म्हणून तो थ्रेटनिंग नाही, मेनेसिंग आहे. (कायद्याच्या इंग्रजीत हा भेद चालत नाही. ब्रिटनच्या 1968च्या थेफ्ट ॲक्टमध्ये ब्लॅकमेलची व्याख्याच 'विथ मेनेसेस' केलेली मागणी अशी आहे, आणि तिथे 'नाहीतर' चांगलंच उच्चारलेलं असू शकतं. कथेत वकील आला तरच हे लक्षात ठेवा.) शिवाय 'थ्रेटनिंग' आजार, परिस्थिती यांनाही लागतो, 'लाइफ-थ्रेटनिंग' म्हणजे जिवावर बेतणारं, त्यात कुणाची नियत नाही. आणि 'मेनेस' नाम म्हणून आला, की कधीकधी साधा उपद्रव होतो: डासांचा मेनेस, भरधाव गाड्यांचा मेनेस. खलनायकाला 'ही वॉज अ मेनेस' म्हणालात, तर तो वात्रट कार्टा वाटण्याची भीती आहे. त्याच्यासाठी विशेषणच बरं.

मेनेसिंग म्हणजे रागीट नव्हे, हेही सांगून टाकतो, कारण तुम्ही दोन ठिकाणी 'फ्युरियस' आणि 'फेरोशियस' वापरलं आहे. आपल्या नाट्यशास्त्रात रौद्राचा स्थायीभाव क्रोध आणि भयानकाचा भय. फ्युरियस, फिअर्स, फेरोशियस हे सगळे रौद्राकडचे. राग उघड आहे, दात दिसताहेत. तुमचा माणूस शांत आहे. भय त्याच्यात नाहीच, ते समोर बसलेल्यांत आहे.

तुमचं दुसरं वाक्य, 'घरात भयाण शांतता होती', यावर जरा थांबू या. सगळे फरक एका शांततेवर घासून पाहता येतात. घर रिकामं आहे, सगळं जिथल्या तिथे आहे, पण काहीतरी नेहमीसारखं नाही आणि काय ते सांगता येत नाही: ही 'ईरी सायलेन्स'. यात अजून कुणी दोषी नाही. संध्याकाळपासून कुत्रं भुंकलेलं नाही आणि वाचकाला वाटतं आहे की आता काहीतरी होणार: ही 'ऑमिनस'. ऑमिनसचं तोंड नेहमी भविष्याकडे. तो शकुनाशी बांधलेला शब्द आहे. आपल्याकडे मनात पाल चुकचुकते ना, ती पाल ऑमिनस. म्हणून शांतता, ढग, अपरात्रीचा फोन, डॉक्टरांचं बोलता बोलता थांबणं, हे सगळं ऑमिनस होऊ शकतं. माणूस सहसा होत नाही. ही शांतता कुणीतरी मुद्दाम घडवली आहे, यामागे काहीतरी काळंबेरं शिजतं आहे असं सुचवायचं असेल तर 'सिनिस्टर'. या शब्दात वाईट हेतू आहे, पण तो झाकलेला आहे. लॅटिनमध्ये सिनिस्टर म्हणजे डावा. आपला 'वाम' शब्दही डावा आणि प्रतिकूल असे दोन्ही अर्थ बाळगून आहे, तेव्हा तो तुम्हाला परका वाटायला नको. आणि समोर दोन माणसं बसली आहेत, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, नुसती बघताहेत: ती 'मेनेसिंग सायलेन्स'.

तुमच्या कथेत त्या ओळीपर्यंत वाचकाला मागच्या खोलीतला माणूस माहीत नाही. मग सिनिस्टर लिहिलंत तर लेखकाने राखलेलं गुपित तुम्ही चार पानं आधी फोडलंत. तिथे 'ईरी' लिहा. पुढे कडीचा प्रसंग घडून गेल्यावर तीच शांतता पुन्हा येते, तेव्हा 'ऑमिनस' चालेल. मूळ लेखकाने दोन्हीकडे 'भयाण' वापरला असला, तरी इंग्रजीत दोन वेगळे शब्द घ्यायला तुम्ही मोकळ्या आहात. आणि 'जीवघेणी शांतता' आली तर 'डेड सायलेन्स' करू नका. त्याचा अर्थ फक्त चिडीचूप. 'डेथली' जवळचा. 'लीथल सायलेन्स'वर लोक हसतील.

जीव घेण्याचा विषय निघालाच आहे तर: लीथल म्हणजे जीव घेऊ शकेल असं, फेटल म्हणजे ज्याने जीव गेला असं. म्हणून लीथल डोस, लीथल वेपन. पण फेटल ॲक्सिडेंट. अपघात लीथल नसतो. डेडली दोन्हीकडे चालतो, शत्रूला सहसा 'मॉर्टल'.

तिसरं वाक्य: 'पाऊस पडून गेला की ती वाट दिसते नेहमीसारखीच, पण पाय टाकला की गेलाच.' इथे तुम्ही 'पेरिलस' घातला आहे. चुकीचा नाही, पण त्याला जरा जुन्या पोथीचा वास येतो. 'पेरिलस जर्नी' म्हटलं की लांबचा, मोठा प्रवास डोळ्यांपुढे येतो. तुमच्या वाक्यातला जीव 'दिसते नेहमीसारखीच' यात आहे. त्यासाठी इंग्रजीत 'ट्रेचरस' हा नेमका शब्द आहे. मूळ अर्थ दगाबाज. पातळ बर्फ, ओल्या पायऱ्या, वरून संथ दिसणारा पाण्याचा ओढा, सगळं ट्रेचरस. मराठीतही धोका असतो आणि धोका दिलाही जातो, म्हणून हा शब्द वापरताना तुमचा हात अडखळायला नको. 'प्रिकेरिअस' याच्याशी गोंधळवू नका. तो डळमळीत गोष्टीचा शब्द: कड्याच्या टोकावर टेकलेला दगड, कधीही जाईल अशी नोकरी.

रिस्क, हॅझर्ड, पेरिल ही मंडळी कथेपेक्षा कचेरीत जास्त रमतात. विमावाल्यांच्या भाषेत पेरिल म्हणजे नुकसान करणारी घटना, म्हणजे आग, वादळ, चोरी; आणि हॅझर्ड म्हणजे ते होण्याची शक्यता वाढवणारी स्थिती. सुरक्षा अधिकाऱ्यासाठी हॅझर्ड म्हणजे इजेचं मूळ आणि रिस्क म्हणजे ती इजा होण्याची शक्यता नि तिची तीव्रता यांचा हिशेब. यंत्रांवरच्या अमेरिकी पद्धतीच्या पाट्यांत तर 'डेंजर', 'वॉर्निंग' आणि 'कॉशन' यांची उतरंडच ठरलेली आहे: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, ते डेंजर, होऊ शकेल, ते वॉर्निंग, किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकेल, ते कॉशन. तुमच्या कथेत गोदामाचा प्रसंग आहे आणि भिंतीवर 'धोका' अशी पाटी आहे, म्हणून हे सांगितलं. तिथे 'डेंजर' हाच शब्द ठेवा, मैत्रिणीने गोल काढला तरी.

त्याच गोदामात पिंपांवर 'ज्वालाग्राही' लिहिलेलं आहे. त्यासाठी 'फ्लेमेबल' घ्या, 'इनफ्लेमेबल' नको. दोन्हींचा अर्थ एकच आहे, पण पुढच्या 'इन'मुळे 'न पेटणारं' असं वाचलं जाण्याचा धोका असल्याने सुरक्षेच्या क्षेत्रातल्या लोकांनी दुसरा शब्द मुद्दाम मागे सारला. भाषेचे अभ्यासक म्हणून गाजलेले बेंजामिन ली व्होर्फ पोटापाण्यासाठी आगविमा कंपनीत काम करत. आगी का लागतात हे तपासताना त्यांना दिसलं, की पेट्रोलने भरलेल्या पिंपांपाशी माणसं जपून वागतात आणि 'एम्प्टी' लिहिलेल्या पिंपांपाशी बिनघोर सिगारेट ओढतात. खरं तर रिकामं पिंप जास्त घातक, कारण आत स्फोटक वाफ कोंडलेली. रहस्यकथा लिहिणाऱ्याला ही गोष्ट फुकटात मिळाली तर त्याने सोडू नये, पण तुम्ही भाषांतर करताय, मोह आवरा.

'विखारी'साठी तुम्ही सगळीकडे 'पॉयझनस' लिहिलं आहे. विखारी नजर आली तर 'बेलफुल' बघा, तो नजरेसाठीच जन्मल्यासारखा शब्द आहे. विखारी बोलण्याला 'व्हेनमस'. आणि मूळ कथेतली ती म्हातारी, जी वर्षानुवर्षं घरात गोड बोलून कालवाकालव करते, तिच्या कारवायांना 'इन्सिडिअस' म्हणा. दबा धरून बसण्याशी नातं सांगणारा शब्द आहे हा. लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो अशा आजाराला डॉक्टरही तोच लावतात.

काही शब्दांची धार गेलेली आहे. टेरिफिक एके काळी भय उपजवणारं होतं. आता परीक्षेतल्या गुणांना म्हणतात. ऑफुल म्हणजे नुसतंच वाईट, ड्रेडफुल हवेला आणि चहाला लागतो, हॉरिबलचंही तेच होत आलं आहे. 'फिअरफुल'चा अर्थ आज बहुधा घाबरलेला असा घेतला जातो. घाबरवणारा हवा असेल तर 'फिअरसम'. आणि 'क्रीपी' जपून वापरा, कारण आजच्या बोलण्यात तो अंगचटीला येणाऱ्या, नको तिथे नको तेवढं बघणाऱ्या माणसाला चिकटला आहे. तुमचा खलनायक तसला नाही. एक चूक मात्र अर्थच उलटवते: 'इमिनंट' म्हणजे डोक्यावर येऊन ठेपलेला, 'एमिनंट' म्हणजे नामवंत. तुमच्या बाराव्या पानावर नामवंत मृत्यू येऊन ठेपला आहे.

आता पुन्हा कडीकडे, कारण एवढं सगळं सांगूनही त्या वाक्यात 'मेनेसिंग' हा शब्द घालू नका असंच मी म्हणेन. 18व्या शतकात गूढकथा लिहून नाव कमावलेल्या ॲन रॅडक्लिफ यांचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1826 साली छापला गेला. त्यात त्यांनी टेरर आणि हॉरर यांना परस्परविरोधी म्हटलं आहे. टेरर धूसर असतो, त्याने मन ताणलं जातं, जागं होतं. हॉरर सगळं समोर आणून टाकतो आणि मन आक्रसून गोठतं. 'मेनेसिंग व्हॉइस' लिहिलं की तुम्ही धूसर गोष्टीवर दिवा लावलात. मूळ लेखकाने आवाजाबद्दल काहीच म्हटलेलं नाही. त्याने सगळी जरब 'बसा की'मधल्या 'की'त भरली आहे. तो 'की' इंग्रजीत आणायचा, तर माझा खर्डा असा: 'ही शट द डोअर, ट्राइड द लॅच, अँड टर्न्ड टू अस. "डू सिट डाउन. व्हॉट्स द हरी?"' नुसतं 'सिट डाउन' हा हुकूम झाला असता, म्हणजे थ्रेटनिंग. 'प्लीज' घातलं असतं तर तो खरोखर सभ्य वाटला असता. 'डू' आग्रह करतो, पाहुणचार करतो आणि निघायला जागा ठेवत नाही. 'चेक्ड'ऐवजी 'ट्राइड' घेतलं, कारण त्यात कडी हलवून बघणारा हात दिसतो.

मग मेनेसिंग ठेवायचा कुठे? जिथे निवेदक घाईत आहे, प्रसंग रंगवायला सवड नाही, तिथे. सव्विसाव्या पानावर तो माणूस रस्त्याच्या पलीकडे क्षणभर दिसून जातो, तिथे एक 'मेनेसिंग' बिनतक्रार चालेल. 'लूम', 'लर्क', 'प्राउल', 'हॉव्हर' ही क्रियापदंही हाताशी असू द्या, पण एका परिच्छेदात दोन नकोत. आणि संवादामागून 'ही हिस्ड' लिहायचंच असेल, तर त्या वाक्यात निदान एखादा स-कार आहे ना ते बघा.

राहिला 'डेंजर माणूस'. तुमच्या मूळ खर्ड्यात तो पोरगा म्हणतो, 'ही इज डेंजर.' मराठीत आपण डेंजरचं विशेषण करून टाकलं आहे आणि ते मस्त चालतं. इंग्रजीत 'ही इज डेंजर' चालत नाही. 'ही इज इन डेंजर' लिहिलंत तर तोच बिचारा संकटात सापडतो. 'ही इज डेंजरस' बरोबर आहे, पण दहा-बारा वर्षांचा पोरगा मित्राच्या कानात असं बोलत नाही, ते पोलिसांच्या पत्रकातलं वाटतं. 'ही'ज बॅड न्यूज' करा. किंवा, त्याला जास्त माहीत आहे पण सांगायचं नाही असं दाखवायचं असेल, तर 'यू डोंट वॉना मेस विथ हिम.' माझं मत पहिल्याला. पुढे तोच पोरगा मित्राच्या बॅटिंगला 'डेंजर' म्हणतो. ते कौतुक आहे, तिथे 'लीथल' बिनधास्त वापरा. खेळाच्या गप्पांत तो शब्द शाबासकीच देतो.